आधी मोजमाप, मग बाजार

मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या शहरांच्या हवेची आकडेवारी प्रसिद्ध केली आणि एका नकोशा यादीत ग्वाल्हेरचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आले. पहिल्या क्रमांकावर इराणमधले झाबोल होते. ग्वाल्हेरच्या हवेतील पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम अशी नोंदली होती. आपल्या देशाचे मानक ४० आहे आणि संघटनेचे त्या वेळचे मार्गदर्शक प्रमाण तर फक्त १० होते. असा आकडा आला की पहिली शंका मोजणीवरच घेतली जाते. यंत्रे किती होती, कुठे होती, वर्षातले किती दिवस चालू होती, असे प्रश्न निघतात. ती शंका झटकून टाकण्याजोगी नाही, कारण प्रदूषणाविरुद्धच्या प्रत्येक उपायाचे यश शेवटी त्याच प्रश्नांपाशी येऊन थांबते. आता सुरतेच्या कापड गिरण्यांमध्ये ‘उत्सर्जन व्यापार’ नावाचा प्रयोग यशस्वी झाल्याचे पुरावे पुढे आले आहेत आणि तोच उपाय इतर शहरांनीही उचलावा, अशी सूचना होऊ लागली आहे. ग्वाल्हेरने तो उचलावा का? माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर. हा उपाय ज्या क्रमाने रुजतो, त्याच क्रमाने तो आणला पाहिजे: आधी मोजमाप, मग मर्यादा, मग दंड आणि सगळ्यात शेवटी बाजार. गेल्या पस्तीस वर्षांत ज्या देशांनी हा क्रम उलटा केला, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

उत्सर्जन व्यापार म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. आपल्याकडचा नेहमीचा नियम धुरातल्या धुळीचे प्रमाण ठरवून देतो. धुराड्यातून निघणाऱ्या प्रत्येक घनमीटर वायूत अमुक मिलिग्रॅमहून जास्त धूळ नको, असा तो नियम असतो. कारखान्याने बॉयलर आठ तास चालवला काय किंवा चोवीस तास, एका क्षेत्रात दहा कारखाने असोत किंवा शंभर, नियम तोच राहतो. प्रत्येकाने नियम पाळला तरी हवेत जाणारी एकूण धूळ वाढत राहू शकते. उत्सर्जन व्यापारात सरकार आधी एकूण धुळीवर मर्यादा घालते: या क्षेत्रातून महिन्याला इतके टन, त्याहून एक किलोही जास्त नाही. त्या मर्यादेइतके परवाने वाटले किंवा विकले जातात. ज्याला धूर कमी करणे स्वस्त पडते तो कमी करतो आणि उरलेले परवाने विकतो. ज्याला महाग पडते तो ते विकत घेतो. एकूण धूळ मात्र ठरलेल्या मर्यादेतच राहते. कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ जे. एच. डेल्स यांनी १९६८ मध्ये आपल्या पुस्तकात ही कल्पना पाण्याच्या प्रदूषणाच्या संदर्भात मांडली. पुढची वीसेक वर्षे ती बहुतांशी अर्थशास्त्राच्या वर्गातच राहिली.

तिला मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणले अमेरिकेने. आम्लवर्षेला कारण ठरणारा सल्फर डायऑक्साइड कमी करण्यासाठी १९९० साली तिथला स्वच्छ हवा कायदा दुरुस्त झाला आणि १९९५ पासून कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीज केंद्रांसाठी परवान्यांचा व्यापार सुरू झाला. या प्रयोगाची कीर्ती ‘बाजाराचा विजय’ म्हणून जगभर पसरली. पण त्या कायद्यातल्या दोन रूक्ष कलमांकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. पहिले कलम असे की, प्रत्येक धुराड्यावर सतत चालणारे मोजयंत्र बसवायचे आणि तासातासाची नोंद सरकारकडे द्यायची. दुसरे असे की, परवान्याहून जास्त निघालेल्या प्रत्येक टनामागे २,००० डॉलरचा दंड आपोआप लागू होईल आणि महागाईप्रमाणे वाढत जाईल. त्यासाठी खटला नको, सुनावणी नको, साहेबाची मर्जीही नको. परवान्याची बाजारातली किंमत या दंडाच्या मानाने इतकी कमी होती की चुकवेगिरी हा शुद्ध मूर्खपणा ठरला. २०१० साठी ठरवलेली ८९.५ लाख टनांची मर्यादा वीज केंद्रांनी २००७ मध्येच गाठली. हे यश बाजाराचे होतेच, पण त्या बाजाराखालचा पाया यंत्रांचा आणि दंडाचा होता.

पुढे ही कल्पना अटलांटिकपार गेली, तो प्रवास मोठा बोलका आहे. हवामान बदलावरच्या १९९७ च्या क्योटो वाटाघाटींत उत्सर्जन व्यापाराचा आग्रह अमेरिकेचा होता आणि युरोपला त्याबद्दल संशय होता. २००१ मध्ये अमेरिका करारातून बाहेर पडली. ज्या युरोपने विरोध केला होता, त्यानेच २००३ मध्ये कायदा करून १ जानेवारी २००५ पासून जगातला सगळ्यात मोठा कार्बन बाजार उघडला. घाईत एक गोष्ट मात्र राहून गेली. कारखाने खरोखर किती कार्बन सोडतात याची पडताळलेली आकडेवारी हातात नव्हती. उद्योगांचे आणि देशांचे स्वतःचे अंदाज धरून परवाने फुकट वाटले गेले. एप्रिल २००६ मध्ये पहिले पडताळलेले आकडे आले, तेव्हा परवाने उत्सर्जनापेक्षा जास्त असल्याचे उघड झाले. तीस युरोच्या आसपास असलेला टनाचा भाव काही दिवसांत निम्म्यावर आला आणि २००७ च्या अखेरीस जवळजवळ शून्यावर. युरोपला ही चूक निस्तरायला दीड दशक लागले. फुकट वाटप कमी केले, लिलाव वाढवले, जादा परवाने बाजारातून काढून घेणारी राखीव व्यवस्था २०१९ मध्ये उभी केली. तेव्हा कुठे भाव सावरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभर युरोला जाऊन भिडला. या बाजाराखालच्या वीज केंद्रांचे व उद्योगांचे उत्सर्जन २०२३ पर्यंत २००५ च्या तुलनेत सुमारे ४७ टक्क्यांनी घटले होते. ही सगळी घट एकट्या बाजाराची नाही, त्यात पवनऊर्जेचा आणि इतर धोरणांचाही वाटा आहे. पण मोजमाप पक्के होण्याआधीचा युरोपीय बाजार आणि नंतरचा बाजार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मात्र निर्विवाद आहे.

इतर देशांचे अनुभव हेच सांगतात. चिलीची राजधानी सांतियागो हिने १९९२ मध्येच धूलिकणांवर व्यापाराची योजना आणली होती. पण प्रत्यक्ष धूर सतत मोजण्याची सोय नव्हती, म्हणून तिथे बॉयलरची क्षमता धरून हक्क दिले गेले. म्हणजे व्यापार धुराचा नव्हताच, धूर सोडण्याच्या शक्यतेचा होता. कझाकस्तानने २०१३ मध्ये युरोपच्या धर्तीवर बाजार सुरू केला, २०१६ मध्ये तो स्थगित केला आणि दुरुस्ती करून २०१८ मध्ये पुन्हा उघडला. चीनने २०१३ पासून बीजिंग, शांघाय, शेनझेन अशा ठिकाणी चाचणी बाजार चालवले आणि जुलै २०२१ मध्ये वीज क्षेत्रापासून राष्ट्रीय बाजार सुरू केला. मार्च २०२२ मध्ये तिथल्या पर्यावरण मंत्रालयाला चार सल्लागार संस्थांची नावे जाहीर करावी लागली, कारण कोळशाचे नमुने व अहवाल यांत खोटेपणा सापडला होता. आज जगात तीसहून अधिक ठिकाणी असे बाजार चालू आहेत. नियमावल्या, परवान्यांचे नमुने, लिलावाची सॉफ्टवेअर यांची नक्कल पटकन होते. मोजयंत्राचा खरेपणा आणि दंडाची अटळता यांची नक्कल होत नाही. त्या गोष्टी प्रत्येक ठिकाणी नव्याने घडवाव्या लागतात.

ग्वाल्हेरकरांना हा फरक समजायला परदेशात जाण्याची गरज नाही. आपल्या शहराने एक मोठी गोष्ट देशभर पाठवली आहे, ती म्हणजे ख्यालगायकी. ग्वाल्हेरच्या हस्सू खाँ यांची विद्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे आली, त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती घेतली आणि महाराष्ट्रात रुजवली. त्यांच्याकडे मिरजेत शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत लिहून ठेवल्या आणि १९१८ मध्ये ग्वाल्हेरातच माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. बंदिश कागदावर उतरली की टपालानेही जाते. गायकी मात्र गुरूसमोर बसून, रोज रियाज करून, चुका दुरुस्त करून घेऊनच गळ्यात उतरते. नव्या प्रांतात ती पोचते तेव्हा तिथल्या गळ्याचा रंग घेते, पण सुरात तडजोड करत नाही. धोरणांचेही असेच आहे. अधिसूचना ही नुसती बंदिश झाली, रोजचे मोजमाप हा तिचा रियाज.

भारतात उत्सर्जन व्यापाराचा विचार सुरू झाला २०१०-११ च्या सुमारास. जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना केंद्राने गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडू या तीन राज्यांत धूलिकणांच्या व्यापाराचा पथदर्शी प्रयोग करायचे ठरवले. प्रत्यक्ष बाजार उघडला तो गुजरातमध्ये आणि तोही २०१९ मध्ये. ही जवळपास नऊ वर्षे केवळ सरकारी दिरंगाईची होती असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांतला मोठा काळ मोजमाप नीट करण्यात गेला. त्यामागे आणखी एक पूर्वतयारी होती. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशापासून काही प्रदूषक उद्योगांना बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून पर्यावरण तपासणी करून घेणे बंधनकारक होते. तपासनीस नेमायचा कारखान्याने आणि त्याची फीही द्यायची कारखान्यानेच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर या व्यवस्थेची परीक्षा घेतली. जुन्या पद्धतीत तपासनिसांच्या अहवालांनुसार धूलिकणांचे मानक मोडणारे कारखाने होते फक्त ७ टक्के. स्वतंत्र फेरतपासणीत तो आकडा ५९ टक्के निघाला. कुंपणच शेत खात होते. मग पद्धत बदलली: तपासनीस चिठ्ठी टाकून नेमला, फी सामायिक निधीतून दिली, काही नमुन्यांची अचानक फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांचा धूरही कमी झाला. मोजणाऱ्याचे हित कारखान्यापासून तोडले की मोजमाप सुधारते, हा धडा बाजाराच्या आधी शिकला गेला, म्हणून पुढे बाजार टिकला.

सुरतेचा प्रयोग त्यामुळेच बारकाईने पाहण्यासारखा आहे. तिथल्या रंगाई-छपाईच्या गिरण्या वाफेसाठी कोळसा आणि लिग्नाइट जाळतात. अशा ३१७ कारखान्यांच्या धुराड्यांना सतत मोजणारी यंत्रे लावण्याची व्यवस्था झाली. मग सोडत काढून सुमारे निम्मे, म्हणजे १६२ कारखाने बाजारात घेतले आणि उरलेले जुन्याच नियमांखाली ठेवले, म्हणजे तुलना प्रामाणिक राहील. ८० टक्के परवाने धुराड्यांच्या क्षमतेनुसार फुकट दिले, २० टक्के लिलावात विकले. किलोमागे किमान पाच आणि कमाल शंभर रुपये अशी भावाची चौकट आखली. मर्यादा ओलांडणाऱ्याला कमाल भावाच्या दुप्पट, म्हणजे किलोमागे दोनशे रुपये भरपाई, तीही आधीच घेतलेल्या अनामतीतून वळती करायची. निकाल २०२५ मध्ये अर्थशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाजारातल्या कारखान्यांची धूळ इतरांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी घटली. तेवढीच घट साधण्याचा खर्च जुन्या पद्धतीच्या मानाने ११ टक्के किंवा त्याहून अधिक वाचला. वाचलेल्या आयुष्यांची किंमत धरली तर फायदा खर्चाच्या किमान २५ पट असल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. जवळजवळ प्रत्येक कारखान्याने महिन्याचा हिशेब परवान्यांनी चुकता केला. प्रत्यक्ष मोजलेल्या धूलिकणांचा असा बाजार जगात याआधी झालेला नव्हता. अमेरिकेत जन्मलेली कल्पना सुरतेत आली ती नुसती उतरवून घेतलेली नव्हती, ती इथे नव्याने घडवलेली होती. पुढे गुजरातने ती अहमदाबादेत नेली.

आता ग्वाल्हेरकडे वळू. सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे आणि तो योग्यही आहे: ग्वाल्हेरची धूळ मुख्यतः धुराड्यांतून येतच नाही. उखडलेले रस्ते, बांधकामे, वाहने, पेटवलेला कचरा, थंडीत चुलीत आणि शेकोटीत जळणारे लाकूड, बिलौआ परिसरातले दगडाचे क्रशर आणि आजूबाजूच्या कोरड्या जमिनीवरून उडणारी माती, हे सगळे मिळून ही हवा बनते. परवान्यांचा बाजार यांतल्या बहुतेकांवर चालत नाही. रस्त्यावरच्या मातीला परवाना देता येत नाही आणि चुलीला मोजयंत्र लावता येत नाही. म्हणून उत्सर्जन व्यापार हा ग्वाल्हेरच्या हवेवरचा रामबाण आहे असे कोणी सांगत असेल, तर ते ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असे होईल. पण याचा अर्थ कारखाने मोकळे सोडावेत असा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ग्वाल्हेर आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये या कार्यक्रमाच्या देशभरातल्या खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा ६४ टक्के निधी रस्त्यांच्या धुळीवर आणि एक टक्क्याहूनही कमी निधी उद्योगांच्या प्रदूषणावर गेल्याचे दिसले. रस्त्याची जाड धूळ डोळ्यांना दिसते. ज्वलनातून निघणारे सूक्ष्म कण दिसत नाहीत आणि फुफ्फुसात खोलवर जातात तेच. डोळ्यांना दिसते त्यावर पैसा खर्च करायचा आणि दिसत नाही ते मोजायचेही नाही, हे धोरण नव्हे.

ग्वाल्हेरची आणखी एक अडचण नकाशात आहे. शहराची महापालिका ग्वाल्हेर जिल्ह्यात, मालनपूरचे औद्योगिक क्षेत्र भिंड जिल्ह्यात आणि बानमोरचे मुरैना जिल्ह्यात. स्वच्छ हवेचा निधी येतो महापालिकेकडे, बरीचशी धुराडी मात्र तिच्या हद्दीबाहेर आहेत. वाऱ्याला जिल्ह्याची सीमा कळत नाही. इथेच उत्सर्जन व्यापाराचा पहिला भाग, म्हणजे एका हवाई क्षेत्रासाठी एकच एकूण मर्यादा, ग्वाल्हेरला अतिशय उपयोगी आहे. मालनपूर, बानमोर, शहरालगतचे महाराजपुरा आणि क्रशरचा पट्टा हे एकच क्षेत्र मानून तिथल्या बॉयलर, भट्ट्या आणि धूळ रोखणाऱ्या यंत्रणांचा एकत्रित हिशेब ठेवता येईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्येच जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांच्या १७ प्रकारांना सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले आहे, पण लहान-मध्यम बॉयलर त्यातून बरेचसे सुटतात. सुरतेत नेमके हेच लहान-मध्यम कारखाने मोजमापाखाली आणले गेले. ग्वाल्हेरने सुरतेकडून सगळ्यात आधी शिकायचे ते हे.

दुसरा आक्षेप नैतिक आहे: पैसे भरा आणि धूर सोडा, हा कुठला न्याय? भोपाळची १९८४ ची रात्र ज्या राज्याच्या स्मृतीत आहे, तिथे हा प्रश्न तीव्रतेने विचारला जाणे स्वाभाविक आहे. पण आजची स्थिती काय आहे ते पाहावे. आज ठरलेल्या प्रमाणाच्या आत राहणारा कारखाना कितीही तास धूर सोडू शकतो आणि त्याबद्दल एक पैसाही देत नाही. म्हणजे प्रदूषणाचा परवाना आजही आहे, तो फुकट आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. व्यापाराच्या व्यवस्थेत तो मर्यादित होतो आणि प्रत्येक किलोला किंमत पडते. शिवाय विषारी वायू, जड धातू, रासायनिक सांडपाणी अशा गोष्टी या बाजारात येऊच नयेत, त्यांच्यासाठी कडक बंदी आणि शिक्षा हाच मार्ग आहे. बाजार धुळीसारख्या त्याच घटकांसाठी योग्य आहे, जे पूर्ण थांबवता येत नाहीत पण क्रमाक्रमाने कमी करता येतात.

तिसरा आक्षेप जागेचा आहे. कार्बन कुठेही सोडला तरी परिणाम जगभर सारखाच होतो, धुळीचे तसे नाही. एखाद्या वस्तीशेजारच्या कारखान्याने परवाने विकत घेऊन धूर तसाच चालू ठेवला, तर एकूण आकडा कमी होईल, पण त्या वस्तीतल्या मुलांना काय मिळाले? हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. त्याचे उत्तर असे की, व्यापाराने जुने मानक रद्द होता कामा नये. प्रत्येक धुराड्याला आजची प्रमाणाची मर्यादा कायम राहावी, तिच्या खालीच देवाणघेवाण व्हावी. वस्तीजवळच्या धुराड्याला एका किलोसाठी दीड किंवा दोन परवाने द्यावे लागतील, अशी अट घालता येते. क्षेत्र लहान ठेवावे, म्हणजे बानमोरची घट दाखवून दुसऱ्या टोकाला धूर वाढवता येणार नाही.

चौथा आक्षेप व्यवहारी आहे. जिथे साधी तपासणी नीट होत नाही, तिथे इतकी गुंतागुंतीची व्यवस्था कोण चालवणार? आणि ज्या शहराने जयाजीराव कॉटन मिलसारखी मोठी गिरणी बंद पडताना पाहिली, तिथल्या लहान उद्योगांवर हे नवे ओझे कशाला? पहिल्या भागाचे उत्तर गुजरातच्या अनुभवात आहे. आजच्या पद्धतीतच अधिकाऱ्याच्या मर्जीला सगळ्यात जास्त वाव आहे: नोटीस द्यायची की नाही, बंदीचा आदेश काढायचा की नाही, हे त्याच्या हातात असते. बंदी ही इतकी मोठी शिक्षा आहे की ती सहसा दिली जात नाही, आणि जी शिक्षा दिली जात नाही तिला कोणी भीत नाही. किलोगणिक वळती होणारी छोटी पण अटळ रक्कम त्याहून जास्त परिणाम करते. दुसऱ्या भागाचे उत्तर असे की, कामगारांची चिंता खरी आहे आणि म्हणूनच स्वस्तात स्वस्त मार्गाने धूर कमी करणारी पद्धत निवडली पाहिजे. मोजयंत्राचा खर्च लहान कारखान्याला जड जात असेल, तर स्वच्छ हवेच्या निधीतला काही वाटा त्यासाठी द्यावा. उद्योगांच्या प्रदूषणावर जवळजवळ खर्चच न होणाऱ्या निधीचा तो योग्य उपयोग ठरेल.

इथे आणखी एक गल्लत टाळली पाहिजे. केंद्राने ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती केली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या चार क्षेत्रांतल्या २८२ कारखान्यांना लक्ष्ये नेमून दिली. मध्य प्रदेशातले सिमेंट उद्योगही या कक्षेत येतात. या योजनेमागे हवामानाची चिंता आहे, तसाच युरोपच्या सीमेवर १ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या कार्बन शुल्काचा दबावही आहे. धोरणे अशी दबावानेही पसरतात आणि त्यात गैर काही नाही. पण दबावाने आलेले धोरण बाहेरच्याला दाखवण्यापुरते पाळले जाण्याचा धोका असतो. शिवाय ही लक्ष्ये दर टन उत्पादनामागच्या उत्सर्जनावर आहेत, एकूण उत्सर्जनावर नाहीत आणि कोळशावरची वीज केंद्रे अजून त्यांत नाहीत. सतना-रीवाच्या सिमेंट कारखान्याने कार्बन क्रेडिट मिळवले म्हणून ग्वाल्हेरच्या हवेतला एक कणही कमी होत नाही. कार्बन बाजार जगाच्या तापमानासाठी आहे, धूलिकणांचा हिशेब आपल्या मुलांच्या श्वासासाठी. एकाच्या बातमीने दुसऱ्याचे काम झाल्याचे समाधान मानू नये.

तेव्हा ग्वाल्हेरसाठी काय करावे, हे स्पष्ट आहे. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाने मालनपूर, बानमोर आणि शहरालगतच्या औद्योगिक पट्ट्यांचे एक हवाई क्षेत्र जाहीर करावे. पहिली दोन वर्षे कोणताही बाजार न उघडता धुराड्यांवर मोजयंत्रे बसवावीत, तपासनीस चिठ्ठीने नेमून त्यांची फी सामायिक निधीतून द्यावी आणि प्रत्येक धुराड्याचा महिन्याचा आकडा सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करावा. महाराष्ट्राच्या मंडळाने जून २०१७ पासून कारखान्यांना धुरानुसार एक ते पाच तारे देण्याची पद्धत सुरू केली होती, तसे काही इथेही करता येईल. दोन वर्षांच्या खऱ्या आकड्यांवरून एकूण मर्यादा ठरवावी, ती दरवर्षी खाली आणावी, दंडाची अनामत घ्यावी आणि मगच परवान्यांची देवाणघेवाण सुरू करावी. रस्ते, क्रशर आणि चुली यांच्यावरचे काम त्याच्या जोडीने वेगळे चालूच राहील.

नागरिकांना यासाठी अर्थशास्त्र शिकण्याची गरज नाही. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला त्यांनी एकच प्रश्न विचारावा: मालनपूर आणि बानमोरच्या धुराड्यांतून गेल्या महिन्यात किती किलो धूळ हवेत गेली? उत्तर आकड्यात मिळेपर्यंत तो विचारत राहावे. त्या आकड्याशिवाय मर्यादा नाही, मर्यादेशिवाय बाजार नाही आणि स्वच्छ हवाही नाही.